देवाजीभाऊ पेंटर आणि मोरपंखी कपाट

माझ्यापेक्षा जास्त चिडणारी माणसं मला आयुष्यात दोनच भेटली. एक माझ्या सासूबाई आणि दुसरे देवाजीभाऊ पेंटर. सासूबाईंचा राग घरापुरता होता. मीठ, मोलकरीण आणि मी, एवढ्यात तो संपायचा. देवाजीभाऊंच्या रागाला मात्र अख्खं वणी गाव पुरत नव्हतं.

आमची पहिली भेटच भांडणाची. मी वणीत शाळेत शिकवायला लागले, त्या वर्षी आम्ही एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. मागच्या अंगणात पत्र्याचं छप्पर टाकून देवाजीभाऊंचं काम चालायचं. जुनी लोखंडी कपाटं घासायची, ठोकून सरळ करायची आणि फवाऱ्याच्या गननं रंग मारून पुन्हा उभी करायची, हा त्यांचा धंदा. पहिल्याच रविवारी दोरीवरची पांढरी साडी काढायला गेले तर तिच्यावर बारीक राखाडी ठिपके. मी तरातरा जिना उतरले आणि सुरुवात केली. उंच, वाळका, पापण्यांवरसुद्धा रंगाची पूड बसलेला तो माणूस माझं सगळं ऐकून घेईपर्यंत गन हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "झालं? आता माह्यं ऐका. तुमची साडी रॉकेलनं साफ होते. पन सकाळी वरून गॅलरी कोनं झाडली? तुमी. तुमचा सगळा कचरा माह्या वल्या कपाटावर. थे आता मले पुन्हा मुळापासून घासा लागते. सांगा, कोनाचं नुकसान जास्त?"

मी कपाट पाहिलं. ओल्या रंगात धूळ, केस आणि आमच्या पायपुसण्याचा एक धागा रुतून बसला होता. मी भांडायला गेले होते आणि माफी मागून परत आले. माझ्या आयुष्यात असं क्वचितच झालं आहे.

रंग मारायला ते भल्या सकाळी उठत, कारण एकदा जवळच्या खाणींतले कोळशाचे ट्रक सुरू झाले की हवेत काळी भुकटी उडायची आणि ओल्या रंगावर बसायची. हंगामात सरकी काढणाऱ्या जिनिंगमधून उडणारे कापसाचे तंतू हा दुसरा शत्रू. ते तंतू चिमट्यानं एकेक उचलताना देवाजीभाऊ ज्या शिव्या देत, त्या ऐकून आमच्या घरमालकीण बाई देवघराची खिडकी लावून घ्यायच्या.

"वरून वरून मारून द्या," हे वाक्य ज्याच्या तोंडून निघालं त्याची शंभरी भरलीच म्हणून समजा. "वरून कायले? तोंड धुतल्याबिगर पावडर लावतं का तू?" असं ते भर अंगणात विचारायचे, समोर कितीही मोठा माणूस असो. रंग सर्वांत शेवटी, आधी गंज, हा त्यांचा धर्म. पोलादी ब्रशनं जुना रंग खरवडायचा, पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत घासायचा, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पुन्हा घासायची, मग तांबडा अस्तराचा हात आणि त्यानंतर खरा रंग. एका कपाटाला आठ आठ दिवस. हाताखाली कोणी टिकत नव्हतं, ते एकटेच राबायचे.

आणि त्यांची एक खोड होती. सगळं कपाट रंगवून झालं तरी आतल्या लॉकरच्या दारामागे, तळहाताएवढा एक तुकडा ते तसाच सोडायचे. ना घासलेला, ना रंगवलेला. मूळचा रंग, त्यावरचा गंज, जे असेल ते. मी एकदा विचारलं, हे काय? तर म्हणाले, "एक कपाट आलतं मॅडम, चार हात रंग होता त्याच्यावर. गंजावर रंग, त्याच्यावर पुन्हा रंग. ब्रश लावला तर पत्राच हातात आला, पापडावानी. तेव्हापासून ठरवलं. माह्या मांगून जो मिस्त्री हे कपाट उघडन, त्याले कळलं पाहिजे खाली काय होतं, किती जुनं हाय. त्याले कोनी फसवू नये."

"आणि गिऱ्हाइकाला ते दिसलं तर?"

"दिसू द्या. मी काय चोरी केली?"

गावातल्या बुद्धविहारातलं पुस्तकांचं कपाट ते दरवर्षी स्वतःहून रंगवून द्यायचे आणि दरवर्षी तिथं भांडण करून यायचे. कारण काय, तर कपाटाची बिजागरी वर्षभर कोणी हलवलेली दिसत नाही. "कपाट उघडलं का नाही हे मले बिजागरी सांगते. पुस्तकं काय पूजेले ठेवली का रे?" मंडळी हसायची. देवाजीभाऊंना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही कळलेलं नाही.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. गावोगावचं काय सांगायचं, ते पेपरांत येतच होतं. आमच्या अंगणात ती वर्षं वेगळ्याच वाटेनं आली. देवाजीभाऊंचं काम अचानक तिप्पट झालं. आमच्या भागात लग्नात मुलीला लोखंडी कपाट द्यायचं म्हणजे द्यायचंच. एक वेळ वाजंत्री नसली तरी चालेल. कापूस चांगला असायचा तेव्हा लोक दुकानातून नवं कोरं कपाट उचलायचे. आता आईचं, आत्याचं, मोठ्या बहिणीचं जुनं कपाट बैलगाडीत नाहीतर टेम्पोत घालून आमच्या अंगणात आणायला लागले. आणायचे आणि हळूच सांगायचे, "भाऊ, नवं वाटलं पाहिजे."

धंदा वाढला म्हणून दुसरा कोणी खूश झाला असता. देवाजीभाऊ धुमसायचे. एकदा ऐन हंगामात ते चिमटा हातात घेऊन ताज्या रंगवलेल्या दारासमोर उभे होते. मला म्हणाले, "पाहा मॅडम. एक तंतू नाही बसला. साऱ्या दारावर एक तंतू नाही. जिनिंग बंद. मी आयुष्यभर त्या तंतूले शिव्या देल्या." आणि चिमटा त्यांनी भिंतीवर असा फेकून मारला की घरमालकीण बाईंनी पुन्हा खिडकी लावली.

त्याच वर्षांत शेतकऱ्यांच्या हालाची पाहणी करायला बाहेरून माणसं यायची, गाड्यांच्या रांगा लागायच्या. एका सरकारी कचेरीनं अशाच एका पाहणीच्या आठवडाभर आधी सहा कपाटं देवाजीभाऊंकडे धाडली. सोबत आलेला बाबू म्हणाला, "फक्त समोरचा भाग मारा. बाजू भिंतीला लागतात, मागचं कोण पाहतं?" देवाजीभाऊंनी काही न बोलता कपाटं ठेवून घेतली. पाहणीच्या दिवशी सकाळी बाबू न्यायला आला तर सहाच्या सहा कपाटं चारी बाजूंनी घासून पत्र्यापर्यंत उघडी केलेली, रंगाचा ठिपका नाही. "आठ दिवसांत एवढंच होते. रंग पुढच्या आठवड्यात," देवाजीभाऊ म्हणाले. बाबूनं हात जोडले, मग आरडाओरडा केला. शेवटी तशीच उघडी कपाटं कचेरीच्या व्हरांड्यात उभी राहिली आणि पाहुणे त्यांच्यासमोरून गेले. देवाजीभाऊंना त्या कचेरीचं काम पुन्हा मिळालं नाही. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. मला मात्र फार बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

आता वैशालीचं.

वैशाली माझी विद्यार्थिनी. आमच्यापासून तिसरं घर तिचं. वडील गुलाबराव जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते आणि जिनिंग त्या साली उघडलंच नव्हतं. तिचं लग्न मुकुटबनला ठरलं. बैठकीत मुलाकडच्यांनी इतर काही मागितलं नाही, याचं गुलाबरावांना केवढं कौतुक! फक्त कपाट नवं पाहिजे म्हणाले. जसं काही मुलगी कपाटासोबत येणार होती! मी बोलायला गेले तर गुलाबरावच मला म्हणाले, "मॅडम, तुमी मधात नका पडू."

त्यांनी बायकोचं, तिच्या स्वतःच्या लग्नातलं कपाट देवाजीभाऊंकडे आणलं. देवाजीभाऊंनी त्यांना समोर बसवून विचारलं, "मुलाकडच्याहिले सांगतलं का, जुनं हाय म्हनून?"

"सांगतलं."

"नक्की? मले खोटं नाही चालत."

"सांगतलं ना भाऊ. त्याहिले चालते."

त्या कपाटावर देवाजीभाऊंनी जीव ओतला. वैशालीनं मोरपंखी रंग मागितला होता. तो त्यांना वणीत मनासारखा मिळेना, तर तीन डब्यांतून थोडा थोडा घेऊन त्यांनी स्वतः बनवला. उन्हात ते कपाट उभं केलं तेव्हा आमच्या घरमालकीण बाईसुद्धा खिडकी उघडून पाहत राहिल्या. लग्न झालं. कपाट आणि वैशाली मुकुटबनला गेली.

महिनाही झाला नसेल. दुपारची सुट्टी होती, मी शाळेतून जेवायला घरी येत होते. गुलाबरावांच्या दारात एक टेम्पो उभा. मागे मोरपंखी कपाट आडवं टाकलेलं, दोर करकचून बांधलेला, आणि कपाटाच्या शेजारी खाली फळीवर वैशाली बसलेली. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. सामान उतरवतात तसं तिला आणि कपाटाला उतरवलं आणि टेम्पो निघून गेला. सासूनं दागिना ठेवायला लॉकर उघडलं होतं आणि दारामागचा तो तळहाताएवढा तुकडा तिला दिसला होता. जुनं कपाट नवं म्हणून गळ्यात मारलं, अशा लबाड घरची मुलगी आम्हाला नको, असा निरोप होता.

गुलाबराव धावत आमच्या अंगणात आले. "तुमच्या त्या टिकलीनं माह्या पोरीचं घर मोडलं!" ते ओरडत होते. देवाजीभाऊंनी एकच विचारलं, "तू त्याहिले सांगतलं होतं ना?" गुलाबराव अंगणातच खाली बसले. त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

मला गुलाबरावांचा राग आला, त्या सासूचा आला, आणि सगळ्यांत जास्त देवाजीभाऊंचा आला. गुलाबराव गेल्यावर मी जिना उतरून खाली गेले. "तळहाताएवढा रंग, भाऊ! तेवढा मारला असता तर तुमचं काय गेलं असतं?"

ते रॉकेलनं हात धूत होते. खूप वेळ धूत राहिले.

"थो तुकडा मी खोटं पकडासाठी नाही ठेवत, मॅडम," ते शेवटी म्हणाले. "मिस्त्रीसाठी ठेवतो."

"पण पकडली गेली ती वैशाली. खोटं तर ती बोलली नव्हती."

"नाही," ते म्हणाले. आणि मग नेहमीच्या आवाजात, "रविवारी टेम्पो करतो. मुकुटबनले. तुमी चाला. तिच्या बाजूनं बोलाले कोनी बाई पाहिजे."

आमच्या यजमानांची पुसदला बदली झाली होती आणि सोमवारी आमचं सामान हलणार होतं. घरात खोकीच खोकी. तरी मी गेले. वैशालीला मी सरळ विचारलं होतं, तुला तिथं परत जायचं आहे का? ती म्हणाली, "मले जायचं हाय मॅडम. पन अशी नाही, जशी धाडली तशी."

वैशाली आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो. मागे कपाट उभं बांधलेलं, त्याला एका बाजूनं गुलाबराव आणि दुसऱ्या बाजूनं देवाजीभाऊ धरून. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला मागून शिवी ऐकू येत होती.

मुकुटबनच्या त्या अंगणात आम्ही उतरलो तेव्हा शेजारपाजार लगेच गोळा झाला. सासरे बाजेवर बसलेले, नवरा मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा, जसा काही तो दुसऱ्याच कोणाच्या लग्नाला आला होता. सासू बाहेर आली. देवाजीभाऊंकडे तिची नजर गेली आणि ती जागच्या जागी थबकली. देवाजीभाऊही तिच्याकडे पाहतच राहिले.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

ते माझ्या कानाशी वाकले. "या बाईचं कपाट मीच रंगवलं, दोन सालापह्यले. पोरीच्या लग्नासाठी. भावासोबत आलती वणीले. नवं म्हनूनच देल्लं असन."

मी उडालेच. "मग सांगा ना सगळ्यांसमोर! आत्ता सांगा!"

"अन् मंग तिच्या पोरीले कोन आनन टेम्पोतून?"

मी खाली पाहिलं. मला ते सुचलं नव्हतं. मला खरोखरच त्या क्षणी त्या बाईची सगळ्या गावासमोर जिरवायची होती, आणि तिला मुलगी आहे हे त्या रागात माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

देवाजीभाऊ अंगणाच्या मधोमध गेले. "मी कपाटवाला," ते सासऱ्यांना म्हणाले. "कपाटात खोट असन तर मले दाखवा. पत्रा वाजवून पाहा. तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत टिकन." मग गुलाबरावांना दंडाला धरून पुढे ओढलं. "जुनं हाय हे यानं लपवलं. बोल रे."

गुलाबरावांनी मान खाली घातली. "हो. मी खोटं बोललो. पोरीले मालूम नव्हतं."

"झालं? खोटं बापानं बोललं. पोरीले काहून बसवली सामानावर? तिच्या अंगावर लेबल लावलं हाय का, परत धाडाले? माल हाय का थे?" त्यांचा आवाज इतका चढला की बाजेखालचं कुत्रं उठून गेलं. "अन् तू," ते नवऱ्या मुलाकडे वळले, "तुह्या बायकोले टेम्पोत बसवलं तेव्हा तुह्ये हात काय बांधले होते?"

मुलगा लालबुंद झाला. मला बोलायला आणलं होतं, मी घसा खाकरला, पण त्याआधीच वैशाली पुढे झाली. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी ती मुलगी. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता.

"हे माह्या आईचं कपाट हाय," ती म्हणाली. "तिच्या लग्नातलं. जुनं हाय. जुनं म्हनून आत घेता का, सांगा. नवं म्हनून मी नाही येत. टेम्पो उभाच हाय."

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. घरात तिचाच शब्द चालत असणार. ती देवाजीभाऊंकडे पाहत होती; हा माणूस आता बोलेल, मग बोलेल, असं तिच्या सगळ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. देवाजीभाऊंनी तिच्याकडे पाठ केली आणि दोर सोडायला लागले.

"आना आत," ती म्हणाली. "जुनं तर जुनं."

शेजारच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एवढ्या लवकर ही बाई कशी वाकली, हे त्यांना कळेना. नवरा मुलगा चौकटीपासून हलला, टेम्पोपाशी आला आणि त्यानं कपाटाची एक बाजू धरली. दुसरी बाजू वैशालीनं धरली, बापाला धरू दिली नाही. ती त्या घरात नांदली. पुढे पुसदला मला तिचे फोन यायचे आणि त्यात ती नवऱ्याविषयी तक्रारी करायची, त्या सगळ्या साध्या, कोणीही करते तशा असायच्या.

टेम्पोच्या त्या दोन फेऱ्यांत कपाटाला दोन-तीन ठिकाणी ओरखडे पडले होते. देवाजीभाऊ म्हणाले, हे असं सोडून मी जात नाही, दोन दिवस राहतो. पिशवीतून त्यांनी पॉलिश पेपर, मोरपंखी रंगाची बाटली आणि हातगन काढली. गुलाबराव टेम्पोतच परत निघाले, आणि मलाही निघणं भाग होतं. माझी खोकी माझी वाट पाहत होती. निरोप घ्यायला मी आत गेले. देवाजीभाऊ उकिडवे बसून कपाटाचा खालचा कोपरा घासत होते. मी म्हटलं, उद्या आम्ही पुसदला जातो, भाऊ. "जा," ते म्हणाले. "तिथं तरी गॅलरी पाहून झाडा."

तेवढ्यात वैशालीची सासू चहा घेऊन आली. आत दुसरं कोणी नव्हतं. माझ्याकडे एकदा पाहून तिनं आवाज अगदी खाली घेतला.

"भाऊ, माह्या सुमनच्या कपाटातबी ठेवला का तुमी तसा तुकडा?"

"ठेवला."

तिनं कपबशी कपाटाशेजारी खाली ठेवली. "मंग आता?"

"मंग काय?" देवाजीभाऊ मान न वळवता खेकसले. "तिच्या सासूनं टेम्पो आनला तर मले निरोप धाडा. तुमच्या पोरीसाठीबी असाच भांडन. अन् सरका तिकडे, उजेड अडवून राह्यल्या तुमी."